डोलकाठीवरचा स्कार्फ

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोवर माझं काहीही चुकलेलं नव्हतं.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. पुढे मास्तरांचं आणि माझं पटेना! मग जन्मभर मिरकरवाड्यातून होडी चालवली, तांडेल झालो, म्हणजे होडीचा कप्तान; बंदरात माझा शब्द खाली पडत नसे. होडी आता माझा मुलगा दीपक चालवतो. पण हंगामाच्या पहिल्या फेरीला डोलकाठीवर नवा बावटा चढवायचा मान अजून माझाच. तो मी मेल्यावरही सोडणार नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे होडी सुटायची होती. दीपक म्हणाला होता, "आबा, या वर्षी भारी बावटा आणलाय." पहाटे मागीलदारी गेलो तर दोरीवर तो भारी बावटा फडफडत होता. लाल सुती कापड, हातानं घातलेले पिवळे-हिरवे टाके, आणि जागोजागी बांगड्याच्या डोळ्याएवढे आरसे! (हाच का तो, असं कुणाला विचारायला हवं होतं? तांडेल विचारत नसतो. तांडेल सांगतो.)

चढवला. आमचा जुना खलाशी बाबल्या तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"तांडेलानू, असा बावटा उभ्या बंदरात नाय!"

दीपक इंजिनात डोकं खुपसून होता. होडी गेली. मी ताठ मानेनं घरी आलो.

दुपारी लांज्याहून विहीणबाई आल्या. म्हणजे अजून व्हायच्या होत्या. माझी नात वैष्णवी त्यांच्या मुलाला पसंत होती, तिलाही तो पसंत होता, फक्त साखरपुड्याचा दिवस धरायचा राहिला होता. बाईंचे यजमान पूर्वी कच्छात नोकरीला होते. तिथल्या बायकांकडून त्या आरशांचं भरतकाम शिकल्या होत्या. हे मला जेवताना कळलं.

"वैष्णवी, मी पाठवलेला स्कार्फ घालून ये गो. बघू कसा दिसतो."

वैष्णवी मागीलदारी गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. माझी बायको म्हणाली, "अवो, काल दोरीवर उन्हाला घातलेला तो आरशांचा कपडा बघितलात?"

मी ताटातला भात उगाच या कडेचा त्या कडेला सारला.

"कावळ्यानं नेला असेल," मी म्हटलं. "कावळ्यांना चकाकणारं आवडतं."

"एवढा मोठा स्कार्फ? कावळ्यानं?" विहीणबाई.

"आमचे कावळे मासे खातात. दणकट असतात."

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "रडू नको गो. चल, बंदरावर जाऊ. होडी येताना मी कधी बघितली नाय."

"नको!" मी ओरडलोच. "चिखल आहे! वास येतो! पाय घसरतो!"

"मी भातशेतीतली बाई आहे, आबा. मला चिखल सांगताय?"

निघाल्या! मी मागून चाललो, फाशीला चालल्यासारखा. देवाला म्हटलं, आजच्या दिवस आभाळ भरून येऊ दे. एरवी श्रावणात छत्री मिटू न देणारा देव त्या दिवशी नेमका ऊन घेऊन बसला होता. होडी बंदरात शिरली आणि कलत्या उन्हात डोलकाठीवरचे सगळे आरसे एकदम पेटले. धक्क्यावरच्या मासेवाल्या बायका डोळ्यांवर हात धरून उठल्या. "अगो बाय, दीपकच्या होडीवर लग्न आहे की काय?"

विहीणबाईंनीही कपाळावर हात धरला. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आबा, तुमचा कावळा डोलकाठीवर बसलाय."

मी ओरडलो, "बाबल्या! तो बावटा उतरव आधी!"

"उतरवू?" बाबल्या बांगड्यांच्या ढिगावर नाचत होता. होडी काठोकाठ भरून आली होती. "तांडेलानू, जन्मभर तुम्हीच सांगितलात ना, पहिल्या फेरीला होडी भरून आणणारा बावटा हंगाम सरेपर्यंत उतरवायचा नाय! उतरवला तर दर्या रुसतो!"

खरं होतं. मीच सांगितलं होतं. एकदा एका खलाशाला त्यापायी होडीवरून उतरवलंही होतं!

दीपकला सगळा प्रकार कळला तेव्हा त्यानं कपाळ बडवलं, पण बावट्याला हात लावायची हिंमत त्याचीही होईना.

"राहू दे तिथेच," विहीणबाई म्हणाल्या. "उभा उन्हाळा डोळे फोडून भरला होता मी. पोरगी साखरपुड्याला तोच घालून उभी राहील, एवढंच मनात होतं. आता माझ्यानं दुसरा व्हायचा नाय."

इथे गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण आजूबाजूला सगळं बंदर उभं!

"त्यात काय!" मी म्हटलं. "जन्मभर जाळी शिवली. सुई ती सुई. मी भरून देतो!"

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ठरलं तर. तुमचा स्कार्फ झाला की साखरपुडा."

"आबा!" वैष्णवी किंचाळली. "मी म्हातारी होईन ना!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच पडवीत बसलो. बायकोचा चष्मा लावला, बायकोनंच सुई ओवून दिली, मांडीवर लाल कापड अंथरलं आणि पहिला आरसा धरला. जाळ्याची गाठ मारली. वर आणखी एक मारली. चहा थंड झाला, बोटांची चाळण झाली, पण आरसा बसला! ओढून पाहिला, हलेना. म्हटलं, बघा, तांडेलाचं काम! पडवीच्या कडेला उभा राहिलो आणि सगळ्या वाडीला दिसावं म्हणून कापड दोन्ही हातांनी उंच धरलं. आरसा मी कापडासकट लुंगीलाच शिवला होता हे तेव्हा कळलं, आणि मिरकरवाड्यात दुसरा बावटा चढला.