निघणाऱ्याला न सांगायचा शब्द

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गांधीबागेतल्या दुकानात गिऱ्हाइकासमोर कापडाचं थान उलगडून बसलो होतो. फोन ठेवला आणि कापड दाखवत राहिलो... भाव सांगितला, घासाघीससुद्धा केली. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र ते थान मला गुंडाळता येईना. त्याला आता काही आठवडे झाले. दिवस गेले की मन हलकं होतं म्हणतात. माझं तरी अजून झालेलं नाही.

वसंताचं शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. माझ्या कापडाच्या गाठी उभी हयात त्याच्याच ट्रकांतून गेल्या आणि त्या निमित्तानं त्याच्या टेबलासमोरची लोखंडी खुर्ची माझी झाली. एका बाबतीत हा माणूस भलताच हट्टी. निघालेल्या ड्रायव्हरसमोर ‘दूर’ हा शब्द काढायचा नाही. गाडी कोचीला जाणार असो की गुवाहाटीला, इंजिन सुरू झालं की वसंता दारात येऊन म्हणायचा, “समोरच तं आहे गा, जाय.” ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हरही गाडी हलवत नसत. दूर म्हटलं की वाट वाढते, अशी त्याची पक्की समजूत. निघालेली गाडी थांबवायची असेल तरच तो म्हणायचा, “दूर आहे, आज नको जाऊ.” मी त्याची यावरून इतकी टिंगल केली, पण तो बधला नाही.

त्याची एकुलती एक मुलगी मीनल नोकरीसाठी चेक देशात गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून ब्रनो शहरात राहिली. नात झाली, एलिश्का. तिला चेकशिवाय काही येत नव्हतं. वसंतानं साठी उलटल्यावर चेक शिकायला घेतलं. मी म्हणालो, “आता बुढापनी हे काहून गा?” तर म्हणतो, “मंग काय नातीसंग बोलाले मानूस ठेवू?”

मास्तरीणबाई एलिश्काच. रविवारी फोनच्या पडद्यावर तिची शाळा भरायची. भाकरी, पाणी, मांजर हे शब्द वसंतानं पटापट उचलले. गाडी अडली ती ‘दलेका’वर. दलेका म्हणजे दूरची, लांबची. तिकडे अगदी रोजच्या बोलण्यातला शब्द. पोरगी म्हणायची, “त्सेस्ता ये दलेका.” वाट दूरची आहे. वसंता मान हलवून म्हणायचा, “नेनी दलेका.” दूरची नाही. ती कपाळावर हात मारून घ्यायची, पुन्हा म्हणवून घ्यायची आणि हा पुन्हा तेच. मी शेजारी बसून हसायचो. फोन बंद झाल्यावर म्हणालो, “अरे, भूगोल तिचाच बरोबर आहे.” तो हसला नाही. “पोरगी इकडे यायची आहे गा. निंगनाऱ्याले दूर कसं म्हनू?”

ती निघालीच नाही. दर वर्षी ठरायचं आणि मोडायचं. कधी जावयाची नोकरी, कधी पोरीची शाळा. वसंताला हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं. एलिश्का मोठी झाली, रविवारचा तास दहा मिनिटांवर आला, मग नुसता हात हलवण्यावर. हा मात्र आठवडाभर घोकलेली वाक्यं घेऊन, शर्ट बदलून फोनसमोर बसलेला असायचा. ते बघवत नसे. वाटायचं, फोन हिसकावून घ्यावा आणि तिकडच्या सगळ्यांना चार शब्द सुनावावेत. सुनावून तरी काय होणार होतं, म्हणा.

शेवटची भेट दवाखान्यात. मीनलचा फोन आला, आम्ही दोघी आज निघतो म्हणून. त्यानं नातीला फोनवर बोलावून घेतलं. श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “त्सेस्ता... ये... दलेका.” पुन्हा एकदा तेच, आणि फोन माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो शब्द तिच्या मनासारखा वापरला होता. मी चिडलो. “काहून म्हटलं असं? येऊन राहिली ना ते!”

“पोचन नाही गा ते,” तो म्हणाला. “अर्ध्या वाटेत मी गेल्याचं समजलं, तं पोरगी अनोळखी मानसाइत कुठी रडन? घरीच रडू दे तिले.”

मीनल एकटीच आली, सगळं आटोपल्यावर. एलिश्का का नाही आली, असं मी विचारलं. म्हणाली, “काका, ती तयार होती. पण म्हणते, आजोबाच म्हणाले ना, वाट दूरची आहे.”

ऑफिस आता त्याचा पुतण्या पाहतो. सवयीनं मी परवा तिथं गेलो, माझ्या खुर्चीत बसलो. सुरतेची गाडी भरून उभी होती. जुना ड्रायव्हर इंजिन सुरू करून दाराकडे बघत थांबला. पुतण्या फोनवर होता. मग ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. मी उठून दारात गेलो, वसंता उभा राहायचा तिथं उभा राहिलो. समोरच तं आहे गा, जाय... एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडाशी दुसराच शब्द आला, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. ड्रायव्हर बराच वेळ थांबला. मग त्यानं स्वतःशीच काहीतरी पुटपुटून गाडी काढली.