मागच्या सीटवरचा उन्हाळा

उन्हाळ्यात शनिवार उजाडला की मुलगा जिन्याखालून हाक मारतो, "आई, झालं का तुझं?" कुठे निघालोय ते मला बहुतेक वेळा गाडीत बसल्यावरच कळतं. कधी धबधबा, कधी लॅव्हेंडरचं शेत, कधी डोंगरातलं तळं. सून आदल्या दिवशीच पराठे करून ठेवते आणि माझी टोपी नि स्वेटर आठवणीने पिशवीत घालते. माझी जागा मागे, धाकट्या नातीच्या कार-सीटशेजारी; थोरली पलीकडे. नात मधेच दार उघडेल म्हणून मागच्या दारांना कायम चाइल्ड लॉक असतं. त्यामुळे गाडी थांबली की आम्ही तिघी आपापल्या जागी बसून राहतो, कोणीतरी बाहेरून दार उघडेपर्यंत.

तक्रार करावी असं यात काही नाही, हे मला कळतं. एवढी काळजी घेणारी मुलं किती जणांना असतात? पण मी शिकागोत अख्खी नोकरी बसने केली. एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते मी. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे यायचे, ते मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. थंडीत, बर्फात, बस पकडून जायचे. सुट्टीच्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूवर भेंडी-कोथिंबीर घ्यायची, एखाद्या साडीच्या दुकानात उगाच डोकवायचं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्याने परत यायचं. गाडी हे चालवायचे, मी कधी शिकलेच नाही. हे गेले, मी निवृत्त झाले, तरी माझं छान चाललं होतं. मग एका हिवाळ्यात आमच्या इमारतीसमोर बर्फावरून घसरून पडले. मनगट मोडलं, आणि बराच वेळ रस्त्यावरून कोणी गेलंच नाही. मुलगा विमानाने आला तो मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, त्याच्या घरी घेऊनच गेला.

बॉथेलचं घर टेकडीवर आहे. आजूबाजूला उंचच उंच झाडं आणि एकसारखी घरं. दिवसभर रस्त्यावर कोणी दिसत नाही. पुढचं दार उघडलं की घरातली एक यांत्रिक बाई "फ्रंट डोअर" म्हणते आणि त्याच क्षणी मुलाच्या फोनवर मेसेज जातो. गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी उतार उतरून बसस्टॉपवर गेले. बाकावर टेकते न टेकते तोच फोन वाजला.

"आई, कुठे आहेस तू?"

"बसस्टॉपवर."

"काही हवं होतं का? मला सांगायचं ना!"

"काही नको होतं. जरा बसमध्ये बसावंसं वाटलं."

मग म्हणाला, "थांब तिथेच. मी येतो."

मीटिंग सोडून आला. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं. पण घरी येईपर्यंत तो एवढंच म्हणाला, "तू रस्त्यावर पडली होतीस ना, आई, ते माझ्या डोक्यातून जात नाही." त्यानंतर मी बसस्टॉपवर गेले नाही.

माझी मुलगी याच्यापेक्षा लहान. ती स्कॉटलंडमध्ये असते, समुद्राजवळच्या एका लहानशा गावात. तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवते. नवरा तिथलाच, लाल दाढीचा, कमी बोलणारा, पण माझ्या हातची आमटी वाटीने पिणारा. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आठवडाभरात कुठे चालून आले, कुठे पावसात सापडले, कोणत्या किल्ल्यापाशी मेंढ्यांनी वाट अडवली, असं सगळं सांगायची. मला त्या गावाच्या वाटा तोंडपाठ झाल्या होत्या.

जूनमध्ये तिने व्हिडिओ बंद केला. "नेट स्लो आहे, आई." बोलणंही आवरतं घ्यायला लागली. मी मुलाला विचारलं, तर म्हणाला, "तिच्या परीक्षा चालू आहेत गं, बिझी असेल." जूनमध्ये तिच्याकडे कसल्या परीक्षा, असं माझ्या मनात आलं. नवराबायकोचं काही बिनसलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली आणि देवापुढे दिवा लावताना त्या दोघांसाठी हात जोडत राहिले.

जुलैतल्या लाँग वीकेंडच्या शुक्रवारी आम्ही फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर जायला निघालो. फेरीसाठी गाड्यांची ही मोठी रांग. पुढे गाडी, मागे गाडी, दोन्ही बाजूंना गाड्या. नाती कंटाळल्या म्हणून सुनेने द्राक्षांचा डबा उघडला होता. तेवढ्यात मुलाला फोन आला. फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे आवाज एकदम सगळ्या गाडीत घुमला. जावयाचा आवाज.

"शी इज आउट ऑफ थिएटर," तो म्हणाला. "ऑल वेंट वेल. शी इज आस्किंग फॉर टी."

मुलाने घाईघाईने स्क्रीनवर बोट मारलं, पण सगळं ऐकून झालं होतं. मोठ्या नातीने विचारलं, "डिड आत्या गो टू अ मूव्ही?"

थिएटर म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिकडे ऑपरेशनच्या खोलीला थिएटर म्हणतात. मी मुलाच्या मानेकडे बघत होते. ती लाल झाली होती.

"कसलं ऑपरेशन?" मी विचारलं.

"आई, आपण उतरलो की सांगतो."

"आत्ता सांग."

सुनेने मागे वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, ब्रेस्टमध्ये गाठ होती. लहानच होती. काढली. ती आता ठीक आहे."

"कधी कळलं?"

मुलगा म्हणाला, "मेच्या शेवटी."

मेच्या शेवटी! म्हणजे तपासणी झाली, सुईने तुकडा काढला, रिपोर्ट आला, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि त्या सगळ्या दिवसांत मी लॅव्हेंडरच्या शेतात उभी राहून फोटो काढून घेत होते. आयुष्यभर परक्या बायकांच्या गाठींचे तुकडे मी या हातांनी कापले. कोणाचं नाव डब्यावर वाचलं की मनात म्हणायचे, हिचं चांगलं निघू दे. आणि माझ्या लेकीचा तुकडा कोणा दुसऱ्याच बाईच्या हाताखालून गेला होता.

मी दाराची कडी ओढली. उघडेना. परत ओढली. "दार उघड," मी म्हणाले.

"आई, रांग कधीही हलेल. कुठे जाणार आहेस तू?"

"मला माहीत नाही. दार उघड."

सून उतरली आणि तिने बाहेरून दार उघडलं. मी उतरले. दोन गाड्यांच्या मधल्या पट्टीत उभी राहिले. शेजारच्या गाडीतला कुत्रा माझ्याकडे बघून भुंकायला लागला. मला खरंच कुठे जाता येत नव्हतं. समोर पाणी होतं, मागे नुसत्या गाड्या. तेवढ्यात रांग हलली आणि मी मुकाट्याने आत बसले.

फेरीवर चढल्यावर मी वरच्या डेकवर गेले. मुलगा मागोमाग आला, पण चार हात लांब थांबला. मी मुलीला फोन लावला. जावयाने उचलला, तिच्या कानाशी धरला. आवाज जड होता, औषधाचा.

"आई? कोणी सांगितलं तुला?"

"तुझ्या नवऱ्याने. सगळ्या गाडीला."

ती हसली आणि लगेच कण्हली. "दादावर चिडू नकोस. मीच त्याला शपथ घातली होती."

"का गं?"

"तू मला प्रश्न विचारले असतेस, आई. केवढी आहे, कुठल्या जातीची आहे, कोणता ग्रेड. तुला सगळं कळतं. मला तेव्हा नुसतं घाबरायचं होतं. आधी मला माझं घाबरून घेऊ दे, असं वाटलं."

वारा इतका होता की पदर सांभाळू की फोन, असं झालं. शेवटी म्हटलं, "बरं. मी काही विचारत नाही. तू चहा पी."

फोन ठेवल्यावर मुलाने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "चहा पितेय." पुढचा सगळा दिवस ठरल्याप्रमाणे झाला. फेरी अर्ध्यातून वळत नाही. मुलींनी शंख वेचले, पराठे खाल्ले, सुनेने मला सावलीत खुर्ची मांडून दिली. मी त्या खुर्चीत बसून परतीच्या फेरीची वाट बघत राहिले. संध्याकाळी मुलाला एवढंच सांगितलं, "यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. मी पडले तर हाड मोडेल. बातमीने मोडत नाही."

तो हो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मग मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी तिच्याकडे जाते म्हणाले, तर मुलगा तिकीट बघतो म्हणाला, मग म्हणाला, एकटीने एवढा प्रवास, मध्ये विमान बदलायचं, मला सुट्टी मिळाली की मी सोडतो. मुलीला विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "आई, ट्रीटमेंट संपल्यावर ये. आत्ता आलीस तर मी तुझ्यासमोर शूर असल्याचं नाटक करत बसेन." दोघांचं म्हणणं दोन टोकांचं, पण माझ्यासाठी निघायचं ते एकच. मी बॉथेललाच.

काखेतल्या ग्रंथींचा रिपोर्ट यायचा होता; आजार पसरलाय का, ते त्यावरून कळणार होतं. तो ज्या शुक्रवारी मिळणार होता, नेमका त्याच दिवशी मुलाने रजा टाकली होती, माउंट रेनियरच्या बर्फाळ डोंगरावर जायला. शनिवारी तिथे गर्दी होते म्हणून शुक्रवार.

"मी घरी थांबते," मी म्हटलं.

"एकटी बसून नुसता विचार करत राहशील. वर काय सुंदर असतं आई, रानफुलं असतात. आणि फोन आपल्यासोबत आहेतच की."

मी वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. पहाटेच निघालो. तिची डॉक्टरकडची वेळ तिकडच्या दुपारची होती, म्हणजे आमची सकाळ. मी फोन हातात धरून बसले होते. रस्ता चढायला लागला, झाडी दाट झाली आणि फोनवरच्या सिग्नलच्या रेघा एकेक करून गळाल्या. मी मुलाला दाखवलं. त्याने आपला फोन बघितला, सुनेने तिचा. कोणाचाच लागत नव्हता.

"वर पोहोचलो की येईल," तो म्हणाला.

वर पोहोचल्यावरही आला नाही. तो पांढराशुभ्र डोंगर समोर इतका जवळ उभा होता की त्याच्याकडे बघवेना. उतारावर जांभळी, पिवळी फुलं होती. लोक खुशीत होते. नाती धावत सुटल्या. मी पार्किंगमधून हलले नाही. फोन उंच धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. एका गोऱ्या बाईने मला सहानुभूतीने सांगितलं, "यू वोन्ट गेट एनीथिंग हिअर, डिअर." मी थँक यू म्हणाले आणि चालत राहिले. तिकडे माझी लेक डॉक्टरसमोर बसली असेल, उठली असेल, रडत असेल नाहीतर हसत असेल, आणि मी जगातल्या एवढ्या मोठ्या उघड्या जागी अशी कोंडलेली.

मुलाने माझ्याकडे बघितलं आणि मुलींना परत बोलावलं. त्या फुलांपर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. थोरली रडायला लागली, "वी जस्ट गॉट हिअर!" तो तिला म्हणाला, "आजीला फोन करायचाय." बस्स, एवढंच. आम्ही खाली उतरलो.

बरंच खाली आल्यावर तिन्ही फोन एकदम वाजायला लागले. मुलाने पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी घेतली आणि स्वतः उतरून माझं दार उघडलं. मी तिला फोन लावला.

"कुठे होतीस तू? केव्हाची लावतेय!" मुलगी म्हणाली. "ऐक, मी तुला वाचून दाखवते. मला यातलं निम्मं कळत नाहीये, तू सांग."

ती वाचत गेली. मार्जिन्स, मग आणखी काही लांबलचक शब्द, मग ग्रंथी. "नो इव्हिडन्स" म्हणाली, तेव्हा मी तिला तिथेच थांबवलं.

"ते परत वाच."

तिने परत वाचलं. मी पंपाच्या खांबाला धरून उभी राहिले. "पसरलेलं नाही," मी म्हटलं. "बाळा, ते कुठेही पसरलेलं नाही. कडाही स्वच्छ आहेत." ती तिकडे मोठ्याने रडायला लागली, आणि इकडे माझा मुलगा बर्फाच्या पिशव्या विकायच्या पेटीवर बसून रडायला लागला. धाकटी नात त्याला द्राक्षं देत होती.

पुढे तिची रेडिएशनं सुरू झाली. ती जवळच्या शहरात बसने जाते. नवरा नेतो म्हणाला, तर नको म्हणते. थकते, पण आता व्हिडिओ लावते. मी काही विचारत नाही, ती आपणहून सांगते.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी मुलाला म्हटलं, "मी आज येत नाही. घरी राहते." माझ्या अपेक्षेपेक्षा तो लवकर कबूल झाला. मला बरं वाटलं. गाडी गेली. यांत्रिक बाई दाराबद्दल बोलून गप्प झाली. मी खाली स्वयंपाकघरात आले तर टेबलाशी सून लॅपटॉप उघडून बसलेली.

"तू गेली नाहीस?"

"जरा ऑफिसचं काम होतं, आई."

मला सगळं कळलं. मला एकटीला ठेवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तिने काम केलं, मी पेपर वाचला. घर अगदी शांत होतं. दुपारी मी चहा टाकला, तिच्यासमोर कप ठेवला. तिने लॅपटॉप मिटला, दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"आई, खरं सांगू का? मलाही दर शनिवारी जायचं नसतं."