माझा मीटर पाचच दाखवतो

मंडळी, आज मी एका सज्जन माणसाला चोर ठरवून आलो.

घाटकोपरच्या नरेशभाईंच्या दुकानातून पाच मायक्रोकंट्रोलर चिप आणल्या होत्या. घरी बनवलेल्या बोर्डावर लावून त्यांच्यात प्रोग्राम भरायला गेलो, तर एकही चिप दाद देईना. माल डुप्लिकेट, दुसरं काय! सकाळीच सगळं सामान पिशवीत घालून दुकानात धडकलो.

"नरेशभाई, नकली चिप विकता काय?"

"व्होल्टेज किती देतोस?"

"पाच. चिपला लागतात तेवढेच व्होल्ट. हे बघा." मी माझा घरी बनवलेला मीटर लावून दाखवला. पाच.

त्यांनी स्वतःचा मीटर लावला. सात! म्हणजे चिप मीच जाळल्या होत्या.

"तुझा मीटर कशावरून सेट केलास?"

"माझ्या पॉवर सप्लायवरून. तोही मीच बनवलाय."

"आणि सप्लाय कशावरून?"

"मीटरवरून..." म्हणता म्हणताच माझी वाट लागली.

नरेशभाई हसलेही नाहीत रे, तेच जास्त लागलं. माफी मागून निघालो.

पण रिक्षात बसल्यावर डोक्यात किडा वळवळलाच. त्यांचा मीटर तरी कोणी तपासलाय?

आमच्या मुलुंडमध्ये कोणाकडे मीटर असेल तर सांगा ना. फक्त तो नरेशभाईंकडून घेतलेला नको.