संत्र्याची वाकडी फांदी

नानांनी एकेचाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही गोष्ट वाढली नाही. हे त्यांचंच म्हणणं. दुकान आठ बाय दहाचं, दोन खुर्च्या, एक बाकडं, समोर आरसा. सकाळी शटर वर गेलं की वाढलेलं कापायचं, संध्याकाळी झाडून टाकायचं. महिन्याभरानं तेच डोकं पुन्हा वाढवून खुर्चीत हजर. माणूस वैतागेल नाही तर काय करील! म्हणून साठीला आल्यावर त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि बायकोला जाहीर सांगून टाकलं, "आता एक तरी गोष्ट मी वाढवणार आहे."

"वाढवा," ती म्हणाली. "पोट सोडून काहीही वाढवा."

घरामागे बारा फूट बाय वीस फुटांचं परस होतं. कपड्यांची दोरी, एक फुटकं सिमेंटचं टाकं आणि बाकी सगळं गवत. नानांनी दोरी ताणून तीन खड्डे आखले. एक पेरूचा, एक अंजिराचा आणि मधोमध संत्र्याचा. पेरू-अंजीर नुसते सोबतीला. खरा जीव संत्र्यात. दुकानाशेजारी फळवाला बसायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नाना त्याच्याकडून एक संत्रं घ्यायचे आणि बाकड्यावर बसून सावकाश सोलून खायचे. दिवसभर साबण, पावडर आणि परक्या डोक्यांचं तेल नाकात. त्यात तेवढा एकच वास त्यांच्या आवडीचा.

शहराबाहेरच्या रस्त्यावर तीन नर्सऱ्या होत्या. रोप कसं निवडावं याचं नानांना शून्य ज्ञान होतं, पण माणूस कसा निवडावा याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती सगळी डोक्यापासून सुरू व्हायची. पहिल्या नर्सरीच्या मालकाचा भांग सरळ, दोन्ही कल्ले सारखे, मानेवरची रेघ स्वच्छ. बघताक्षणी नानांचा विश्वास बसला. पेरू आणि अंजीर त्यांनी त्याच्याकडूनच उचललं. रोपं निवडलीही तशीच, चारी बाजूंनी सारखी भरलेली, कुठे एक पान पुढे आलेलं नाही.

अंजिरानं दोन महिन्यांत मान टाकली. उपटून पाहिलं तर मुळं पिशवीच्या आकाराची, एकमेकांत गुंतून काळी पडलेली. नाना ते मूळ हातात धरून तणतणत नर्सरीत गेले. "पाणी जास्त झालं असेल," मालक गोड हसून म्हणाला. आपण मोजून पाणी घालतो, असं नानांनी सांगितल्यावर तो तितकंच गोड हसला. "मग कमी पडलं असेल." नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण इतक्या नीट विंचरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, तेच त्यांना कळेना. पेरूला पानं आली, पानांवर अळ्या आल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या आत तोही खड्डा रिकामा झाला.

संत्र्याचं रोप मात्र अंजीर मेलं त्याच आठवड्यात आलं. दुसऱ्या नर्सरीत नुसती कुंडीतली शोभेची झाडं होती, म्हणून नाइलाजानं तिसरीत जावं लागलं. बायको बरोबर होती. मालक आतून मातीचे हात झटकत आला आणि नानांनी त्याचं डोकं पाहिलं. केस मानेवर उतरलेले, एक कल्ला कानाच्या पाळीपर्यंत, दुसरा पार वर. घरच्या घरी, बहुधा आरशाशिवाय कापलेले.

"चल," नाना बायकोच्या कानात म्हणाले. "ज्याला स्वतःचे दोन कल्ले सांभाळता येत नाहीत तो काय झाडं सांभाळणार!"

"तुम्हाला झाड घ्यायचंय की त्याची हजामत करायचीय?" ती म्हणाली. मोठ्यानंच.

नानांनी एक सरळ, भरदार रोप उचललं. नर्सरीवाल्यानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "हे नको. याचा कलमाचा डोळा धरलेला नाही. हे न्या." आणि त्यानं पुढे केलं ते असं वेडंवाकडं, की नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला. खाली बोटाएवढा खुंट आणि वीतभर उंचीवरून एक फांदी तिरकी, भांडून घराबाहेर पडल्यासारखी निघालेली.

नर्सरीवाला समजावून सांगू लागला. खालचा खुंट जंगली लिंबाचा आहे, त्याची मुळं चिवट असतात. त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीचा कोंब, बसवलाय आणि तो फुटून आलाय तीच ही तिरकी फांदी. खुंटातून सरळसोट फुटवे येत राहतील, ते काढत जायचे आणि ही तिरकी राखायची. हे तो चांगली पाच मिनिटं सांगत होता. आणि ती पाचही मिनिटं नाना त्याच्या डाव्या कल्ल्याकडे बघत होते. अर्धा इंच वर घेतला तर दोन्ही सारखे होतील, की उजवाच थोडा वाढू द्यावा? एवढ्या गोंधळात त्यांच्या डोक्यात शिरलं ते एकच वाक्य: फुटवे काढत जायचे.

त्याच रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले होते. दोघं लवकरच वरच्या मजल्यावर राहायला येणार होते आणि गाडीचा विषय निघाला होता. बाजूच्या बोळातून गाडी थेट परसात येते, गवत काढून फरशी घातली की झालं. जावई बिचारा भिडस्त, त्यानं फक्त विचारलं. पण नाना आधीच अंजिरावरून भडकलेले. ताटावर हात ठेवून म्हणाले, "पाच वर्षं थांबा. पाच वर्षांत या झाडाचं संत्रं तुमच्या हातावर ठेवलं नाही, तर मी स्वतः फरशी घालून देईन."

"बाबा, एवढं काही नाही," मुलगी म्हणाली. पण नाना बोलून बसले होते, आणि दिलेल्या शब्दाला ते जागणारे होते.

पुढच्या महिन्यात खुंटातून एक फुटवा आला. काय फुटवा होता! काठीसारखा सरळ, हिरवागार, रोज बोटभर वाढणारा. शेजारी ती तिरकी फांदी, तीन पानांवर अडून बसलेली. नानांचे हात शिवशिवू लागले. दुकान सुटलं होतं तरी कात्री सदऱ्याच्या खिशातच असायची. एका सकाळी त्यांनी मान कलती करून दोन्हीकडून पाहिलं, नर्सरीवाल्याचं ते एक वाक्य आठवलं आणि कच्चकन तिरकी फांदी काढली.

बायको कपडे वाळत घालत होती. "अहो, तो तर तिरकीच राखा म्हणाला होता ना?"

"तू मला कापायला शिकवू नकोस," नाना म्हणाले.

झाड वाढलं, यात वाद नाही. पाच वर्षांत नानांच्या डोक्याच्या वर गेलं. अंगभर करंगळीएवढे काटे आले. नाना म्हणाले, चोराची भीती नाही. पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो, असं बायकोनं दोनदा बोलून दाखवलं. नाना म्हणाले, लिंबू आणि संत्रं भावंडंच, वास यायचाच. ते रोज सकाळी बादलीनं पाणी घालत, बुंध्याशी माती चढवत, पालापाचोळा पसरत. बाजारातून येताना शेजाऱ्यांना थांबवून फुलं दाखवत. पाचव्या वर्षी पंधरा फळं धरली तेव्हा तर त्यांनी प्रत्येकाची जागा पाठ केली होती. आपण वाढवलं, या एका विचारानं माणूस किती खूश होतो, ते त्या महिन्यांत नानांकडे बघून कळलं असतं.

फळ पिवळं झालं. खडबडीत सालीचं, एका टोकाला चोच निघालेलं. नानांनी ते स्वतः तोडलं, मुलगी-जावयाला वरून हाक मारली, ताटलीत कापलं. चौघांनी एकेक फोड तोंडात घातली. जावयाचे डोळे मिटले ते उघडेनात. मुलीनं फोड गालात तशीच धरून ठेवली, थुंकावी तर बाबा बघताहेत. नाना चघळत राहिले. आंबट म्हणजे किती आंबट, दात आंबले. तरी ते दुसरी फोड खाऊन मोकळे झाले, जणू पहिलीत काही चूक असावी.

"लिंबूच आहे हे," बायको एवढंच म्हणाली आणि साखर आणायला उठली.

दुसऱ्या दिवसापासून नाना पुतण्याच्या दुकानात बाकड्यावर बसू लागले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवू लागले. फसवलं! संत्रं सांगून जंगली लिंबू गळ्यात मारलं! पाच वर्षं पाणी घातलं मी! केस कापून घेणारा माणूस पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येकानं पूर्ण ऐकलं. पुतण्या म्हणाला, "काका, पुरे आता. आपल्याकडे काय पुरावा आहे?" नाना म्हणाले, "त्याचं डोकं बघ जाऊन. तोच पुरावा." महिनाभरात ही गोष्ट शहरभर झाली आणि तिसऱ्या नर्सरीकडे कोणी फळझाड मागेना.

एका रविवारी जावयानं फरशीवाल्याला आणलं. नानांनीच आणायला सांगितलं होतं. शब्द तो शब्द. फरशीवाला परसात टेप पसरत होता, मुलगी जिन्यावर उभी होती आणि नाना टाक्यावर तोंड फिरवून बसले होते. इतक्यात बोळातून नर्सरीवाला आला. कल्ले तसेच, एक वर, एक खाली.

"माझ्या नावानं दुकानात काय काय चाललंय ते ऐकलं," तो सरळ म्हणाला. "झाड दाखवा."

"बघा की," नाना गुरगुरले. "तुमचंच पाप आहे."

तो गुडघ्यांवर बसला. पालापाचोळा बाजूला केला, पाच वर्षांची चढवलेली माती हातांनी उकरली, फडक्यानं बुंधा पुसला. वीतभर उंचीवर सालीत एक खूण निघाली. कापल्याची जुनी, भरून आलेली खूण. तो बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"संत्रं इथे होतं," तो म्हणाला. "कोणीतरी कापलंय. आणि काय कापलंय! किती वर्षं झाडं छाटतोय मी, इतका साफ काप माझ्या हातून कधी झाला नाही. धारदार कात्री आणि सराईत हात. कोणाचा हा हात?"

फरशीवाल्यानं टेप गुंडाळला. मुलगी आणि जावई एकमेकांकडे बघू लागले. त्या दोघांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त बायकोला, आणि ती ओला टॉवेल हातात धरून दोरीपाशी उभी होती.  गप्प बसायला नानांना अगदी सोपं होतं. पोरांनी कापलं असेल, शेजाऱ्याच्या बकरीनं खाल्लं असेल, काहीही म्हणता आलं असतं. त्यांचे कान लाल झाले. सदऱ्याच्या खिशातली कात्री त्यांना उगाचच जड वाटू लागली.

"मी," ते म्हणाले.  "मी कापलं. तिरकं दिसत होतं म्हणून."

  नाना उठून फरशीवाल्यावरच ओरडले, "बघता काय? मापं घ्या! आयुष्यभर कापतच आलो, एक वाढवायला घेतलं तर तेही पहिल्या महिन्यात कापलं. घाला फरशी! पाच वर्षं दिली होती, संपली!"

"झाडाला कुठे दिली?" बायको म्हणाली. टॉवेल तिनं दोरीवर टाकला. "ती तुमच्या कात्रीला गेली. झाडाची पाच वर्षं अजून सुरूच झाली नाहीत."

नर्सरीवाला मधे पडला. मुळं पाच वर्षांची झालीत, सोनं आहे, म्हणाला. गुडघ्याएवढा बुंधा ठेवून वरचं सगळं उतरवायचं. नवे फुटवे येतील, त्यातल्या एकावर तो स्वतः येऊन संत्र्याचा डोळा बसवून देईल. दोन-तीन वर्षांत फळ. जावयानं भिडस्तपणे सांगितलं की गाडी रस्त्यावरच बरी आहे, सावलीत असते. तिथे सावली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

झाड उतरवताना नानांनी करवतीला हात लावला नाही, खिशातली कात्रीही बायकोच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी मात्र ते दुकानात गेले आणि बाकड्यावर बसून येईल त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकवलं, या वेळी शेवटासकट. दिवस मावळेपर्यंत अकरा जणांना.  नर्सरीवाल्यालाही त्यांनी खुर्चीत बसण्याचा आग्रह केला, पण तो म्हणाला, "नको नाना. माझं आहे ते बरं आहे. तुम्ही एकीकडून कमी कराल, मग दुसरीकडून कमी कराल."

फुटवे आले, एकावर डोळा बसला, पट्टी बांधली गेली. नाना रोज सकाळी स्टूल घेऊन समोर बसायचे. तिसऱ्या आठवड्यात पट्टीच्या कडेनं हिरवा ठिपका दिसला. दोन महिन्यांत त्याची फांदी झाली, चार पानांची. आणि निघाली ती तशीच, वाकडी, पार बाहेरच्या बाजूला कललेली. तिच्या खालून खुंटाचे दोन फुटवे उठले होते, सरळ, देखणे, टवटवीत. ते नर्सरीवाला येऊन काढणार होता. तसं ठरलंच होतं.

नानांचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. ते थोडा वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडले, "अगं, कात्री कुठे ठेवलीयस?"

ती खिडकीत आली तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले, "नको. मला सांगू नकोस."