आमचीच भांडी का पडली?

नांदेडला मी ज्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते, तिथं खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून दरवर्षी भांडण होतं. त्या बाकावर बसलेली एक मुलगी मेडिकलला लागली, पुढच्या वर्षी एक मुलगा लागला, आणि झालं! बाक पावणारा ठरला. परवा मुखेडहून एक बाई लेकीला घेऊन आल्या. शिकवतं कोण, किती तास शिकवतं, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, तेवढा तिसरा बाक भेटंल का?"

मी म्हटलं, "त्याच बाकावर बसून आपटलेले किती, ठाऊक आहे का?"

"ते कसं कळणार बाप्पा?"

"मला कळतं. हजेरी मी घेते."

माझा आवाज चढला असणार, कारण पोरगी आईच्या पदराआड सरकली. बाई म्हणाल्या, चिडू नका मॅडम. चिडू नको तर काय करू? असल्याच एका तर्कटापायी माझं शिक्षण अकरावीतच संपणार होतं.

भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होते. आमचं गाव किल्लारीपासून जीपनं अर्ध्या तासावर. किल्लारीसारखं ते भुईसपाट झालं नाही, पण बरीच घरं बसली. आमच्या घराची एक भिंत गेली आणि उरलेल्या तीन भिंतींत परत झोपायची कुणाची छाती झाली नाही. सगळं गाव रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडांत आलं. ओळीतलं शेवटचं शेड आमचं. त्यात आम्ही चौघं: गावच्या शाळेत गुरुजी असलेले माझे वडील, आई, मी आणि आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार महिन्यांत नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच. आजी लवकर वारल्यामुळं वडिलांना तिनंच वाढवलेलं, म्हणून घरात शेवटचा शब्द तिचा असे. वडील वर्गात वाघ होते, पण आक्कापुढं त्यांची गोगलगाय व्हायची.

त्या काळात प्रत्येक शेडात एक गंमत होती. गंमत आत्ता म्हणते, तेव्हा जिवाची भीती होती. झोपताना लोक भांड्यांची उतरंड रचत. आमच्याकडं पत्र्याच्या पेटीवर पालथं पातेलं, त्यावर तांब्या, तांब्यावर पालथा पेला. धरणी जराशी हलली तरी पेला खाली येणार, खणकन आवाज होणार, आणि आपण बाहेर पळणार. छोटे धक्के तर बसतच होते. कधी आठवड्यात दोन, कधी महिनाभर एकही नाही. सरकारी यंत्रावर कुणाचा भरवसा नव्हता, पेल्यावर मात्र सगळ्यांचा होता.

दहावीला मला चांगले मार्क पडले. तेव्हा लातूरला नुसतं खूळ उठलेलं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी पोरींना ठेवून घेणाऱ्या खोल्या, सायकलींच्या रांगा. वडिलांनी मनावर घेतलं आणि मला लातूरला अकरावी सायन्सला घातलं. शनिवारी मी गावी यायची आणि सोमवारी सकाळी सहाच्या मुक्कामी गाडीनं परत जायची.

प्रवेश घ्यायला निघालो त्या दिवशी खरोखरच धक्का बसला. आम्ही गाडीत बसतोय तोच पायाखाली घुर्रर्र झालं आणि सगळी वस्ती रस्त्यावर आली. तो खरा होता, लातूरलाही लोकांना जाणवला. त्यानंतरच्या सोमवारी मी गाडीत चढले आणि शेडात पेला पडला. पुन्हा पळापळ. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच. चौथ्या वेळी तर मी खिडकीतून बघत होते. गाडी हलली, आत खणखणाट झाला, आणि शेजारच्या बाया माझ्याकडं अशा बघून राहिल्या होत्या, जसं मीच आत हात घालून पेला ढकलला.

मग कुजबुज सुरू झाली. पोरगी पांढऱ्या पायाची हाय. घराबाहेर पाऊल टाकलं की धरणी हलतीय. त्या आठवड्यात कॉलेजला सुट्टी पडली म्हणून मी मंगळवारीच गावी परतले, तर चार बाप्ये वडिलांकडं आले. "गुरुजी, तुमचं शिक्षण-बिक्षण ठीक हाय, पण आमची लेकरंबाळं हाइत. जरा थांबवा तिला."

वडील म्हणाले, "अहो, कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच."

"एकदा पडती गाठ. चारदा पडती का?"

खरं सांगते, मला त्या चार जणांपेक्षा वडिलांच्या गप्प बसण्याचा जास्त राग आला.

निकाल आत्यानं दिला. "शिकली तेवढं बास झालं. कॉलेजातून नाव काढ भाऊ. येत्या सोमवारी ती जाणार न्हाई. हिवाळ्यात स्थळ बघू."

मी रडले, भांडले, जेवले नाही. आत्यानं डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द बदलला नाही. ती दुष्ट नव्हती हो, तेच तर अवघड होतं. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा ते मला सोळाव्या वर्षी कुठून कळणार?

त्याच बुधवारी, मी घरात बसून कांदे चिरत असताना, चांगला जोराचा धक्का बसला. मी आनंदानं ओरडलेच, "बघ आत्या! मी इथंच हाय की!"

आत्या म्हणाली, "जायचं मनात आणलं असशील."

माय माय माय! गेले तरी माझ्यामुळं, राहिले तरी माझ्यामुळं. त्या क्षणी मला आमच्या लातूरच्या सरांचं बोलणं आठवलं. प्रॅक्टिकलच्या पहिल्याच तासाला ते गरजले होते, "पाहिजे तेवढंच वाचन वहीत उतरवणारा प्रयोग करत नाही, लबाडी करतो. नको असलेलं वाचन आधी लिहा!" मी पाठकोरी वही घेतली आणि पानावर चार घरं आखली. मी गेले आणि पडली. मी गेले आणि पडली नाही. मी घरी आणि पडली. मी घरी आणि पडली नाही. गाव पहिल्याच घराकडं बघत होतं, बाकीची तीन कुणाच्या ध्यानातच नव्हती.

आणि लिहिताना एक गोष्ट अशी टोचली की मी ताडकन उठलेच. प्रवेशाच्या दिवशी सगळ्या शेडांतली भांडी पडली होती. मागच्या तीन सोमवारी फक्त आमची! धरणी हलली असती तर शेजारची पडायला नकोत? हे कुणी विचारलंच नाही. उलट आमचीच पडली म्हणून लोकांची खात्री पटलेली.

सोमवार आला. मी घरीच. साडेपाचला आई उठली, पेला बाजूला केला, तांब्या बाजूला केला आणि पातेलं उचलून चहाला ठेवलं. रोजच ती तसं करायची. सहाला मुक्कामी गाडी सुरू झाली. थांबा ढिगाऱ्यात गेल्यापासून ती आमच्या शेडामागच्या जागेतच वळायची, मागं-पुढं, मागं-पुढं. मागचं चाक आमच्या पत्र्याच्या भिंतीपासून दोन हातांवर येऊन एका खड्ड्यात आदळायचं. मी पत्र्याला तळवा लावला. पत्रा थरथरत होता. पेटी थरथरत होती. हा दणका रोजचा, म्हणून तो कुणाला ऐकूच येत नव्हता.

"आई, मी लातूरला जाते त्या दिवशी तू चहा कधी करतेस?"

"तू गेल्यावर. आधी तुझ्या भाकरी थापायच्या असतात. तुला चहानं गाडीत मळमळतं, मग कशाला करू?"

मी आईला मिठीच मारली. तिला काही कळेना. अगं, मी जायचे त्याच दिवशी सहा वाजता उतरंड उभी असायची! बाकीच्या दिवशी पडायला तिथं काही नसायचंच.

धावत जाऊन आत्याला सांगावं असं वाटलं, पण "मनात आणलं असशील" हे डोक्यात होतं. म्हणून मी आधी तिच्याकडून कबूल करून घेतलं. चौघांदेखत विचारलं, "आत्या, काय झालं म्हणजे तू मानशील की माझ्या पायात काही नाही? आत्ताच सांग. मागनं बदलायचं नाही."

आत्यानं बराच विचार केला. मग म्हणाली, "तू माझ्याजवळ बसलेली पाहिजेस. हात माझ्या हातात. जायचं काही न्हाई, बांधाबांध न्हाई. तरी भांडी पडली, तर मानीन."

"आणि मनात आणलं तर?"

"हात माझ्या हातात आसंल तर मला कळतंय. अन् एकदा न्हाई, तीनदा. एकदा पडली तर ते बी कावळ्याचंच म्हणीन मी."

बघा, सातवी शिकलेली बाई! तीन वाचनं मागून बसली. मला तेव्हा राग आला, आज वर्गात सांगताना मान ताठ होते.

मंगळवारी आईला चहा करू दिला नाही. मी बाजेवर, आत्या शेजारी, माझा हात तिच्या मुठीत. दारात आठ-दहा माणसं. वडील वही घेऊन उभे. गाडी सुरू झाली, मागं आली, काही झालं नाही. पुढं गेली. पुन्हा मागं आली, चाक खड्ड्यात आदळलं, आणि पेला डुगडुगला, कलला, पडला. खण्ण! दोघं जण सवयीनं बाहेर पळाले सुद्धा. वडिलांनी लिहिलं. आत्या नुसती म्हणाली, "एक."

बुधवारी गाडीच आली नव्हती. आदल्या दिवशी कुठंतरी बिघडून पडली म्हणे. मी हिरमुसले, आजचा दिवस वाया. आत्या मात्र जागची उठली नाही. ऊन पत्र्यावर चढेपर्यंत माझा हात धरून त्या पेल्याकडं टक लावून बसली. पेला ढिम्म. मग ती सावकाश म्हणाली, "गाडी न्हाई, तर काईच न्हाई. हे बी मोजायचं. दोन." मला हे सुचलंच नव्हतं. वडिलांनी ते वाचन आत्याच्या नावावर लिहिलं.

गुरुवारी तीस-चाळीस माणसं जमली. तालुक्याच्या बाजाराला निघालेले लोक सुद्धा थांबले. ते चार बाप्ये पुढंच उभे. आत्यानं त्यातल्या एकाला गाडीजवळ उभं केलं, एकाला पेटीजवळ. चाक आदळलं की पहिल्यानं हाळी द्यायची, पेला पडला की दुसऱ्यानं. "आदळलं!" "पडला!" दोन्ही हाळ्या एकामागोमाग आल्या, आत्यानं "तीन" म्हटलं आणि वस्तीत हशा पिकला. भूकंपानंतर त्या पत्र्यांमध्ये एवढं मोठ्यानं कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून विचारायला लागला, काय झालं, कुणाला लागलं का? वडिलांनी वही मिटली आणि सगळ्यांदेखत, आक्काकडं न बघता, म्हणाले, "पोरगी सोमवारी जाणार." माझे वडील!

लोक पांगले. आत्या बाजेवरच बसून होती. मला वाटलं, हरली म्हणून रुसली. मी जवळ गेले तर तिनं वही मागितली, ती चार घरं उघडली आणि त्यांवर बोट ठेवलं.

"माझ्या टायमाला असं कुणी का न्हाई मांडलं गं?"

मला कळलं नाही. ती सांगत गेली. लग्न करून गेली त्या पावसाळ्यात तापाची साथ होती. नवरा गेला. सासूनं तेराव्यालाच सांगितलं, पांढऱ्या पायाची आणली, घर गिळलं. तिनं ते खरं मानलं. चाळीस वर्षं मानलं. कुणी कामाला निघालं, परीक्षेला निघालं, की ती स्वतःहून आत जाऊन बसायची, आडवी नको जायला म्हणून. मला ती कधीच निरोप द्यायला दिसली नव्हती, आणि का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"त्या साली तापानं आमच्या गल्लीत पाच गेले," आत्या म्हणाली. "बाकीच्या चार घरांत तर माझं पाऊल बी पडलं नव्हतं. तरी चार गेले." मग तिनं वहीतल्या तिसऱ्या घरावर, 'मी घरी आणि पडली' या घरावर, चार बोटं दाबून धरली आणि रडायला लागली. मीही रडले. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. तिच्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलला होता आणि तो मी उचलला होता, वहीच्या एका पानानं! एवढा अभिमान मला पुढं कुठल्या निकालाचा वाटला नाही.

सोमवारी सकाळी मी गाडीकडं निघाले तेव्हा आत्या आत गेली नाही. अख्ख्या वस्तीदेखत ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, अगदी आडवी. शेजारच्या बाईनं "अगं आक्का" म्हणत तोंडावर हात ठेवला. आत्यानं तिच्याकडं बघितलं सुद्धा नाही. माझ्या तळव्यावर दही-साखर ठेवली आणि मी खाईपर्यंत मनगट सोडलं नाही.

"जा बिनघोर," ती म्हणाली. "धरणीला लई कामं हाइत. तुझ्या-माझ्या पायाकडं बघत बसायला तिला टाइम न्हाई."