सुरिनामला जायची कारणं

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला का जायला हवं याचं रोज सकाळी एक नवं कारण सांगत. स्टेशनवर गाडीची वाट बघताना ते एका जागी ठरत नसत. फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन येत, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत आणि एकदम म्हणत, "तिथं काय रुंद नद्या आहेत!" दुसऱ्या दिवशी जंगल, मग तिथली लाकडी घरं.

"अहो, पण तिथं लष्कराचं राज्य आहे," मी म्हणायचो.

"असू दे. आपल्याला ओळखणारं तिथं कुणी नाही, हेच सगळ्यात मोठं कारण."

हे मात्र मला पटायचं, आणि पटलं की दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही. आम्हा सगळ्यांची सुट्टी भारतातच संपायची. निघताना बाथरूममधल्या काट्यावर बॅगा तोलायच्या आणि तिकडे पोचलं की घरोघर वस्तू वाटत हिंडायचं.

एका वर्षी त्यांनी खरंच सुरिनामचं तिकीट काढलं. एअरपोर्टवर सोडायला मी गेलो. गाडीतून त्यांची बॅग उतरवताना माझ्या खांद्यात कळच आली.

"एवढं भरलंय काय यात?"

"चॉकलेटं, साबण, शाम्पू, परफ्यूमच्या बाटल्या."

"पण तिथं तुमचं आहे कोण?"

किल्ल्यांचा आवाज थांबला.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "पण रिकाम्या हातानं जायचं कसं?"