मैदानातला मोकळा गोल

तिन्ही गटांनी मैदानाच्या एकाच कोपऱ्यात मोकळा गोल सोडला होता.

मी तेव्हा नेकनूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवत होते. दुष्काळाचं वर्ष. निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं. वर्गात उरली ती आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं. ज्ञानरचनावादाचं ट्रेनिंग नुकतंच झालं होतं. म्हणजे उत्तर आयतं द्यायचं नाही. मुलांनी ते आपल्या अनुभवातून रचायचं, शिक्षकानं प्रश्न विचारायचे. म्हणून शाळेचा नकाशा मुलांना फरशीवर मांडायला सांगितला. खडे, काड्या, चिंचोके. एकमेकांचं बघू नये म्हणून गट वेगळ्या खोल्यांत बसवले.

"इथं काहीच का नाही मांडलं?"

"तिथं आमी जातच न्हाई," रुखसाना म्हणाली.

"कावून?"

"खालून कुणीतरी ठोकतंय."

एकही मूल हसलं नाही.

त्या दिवशी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, भेटीला आलेले. "मॅडम, हे मोडा. ज्ञानरचनावाद म्हणजे भुताटकी नव्हे."

मोडलंही असतं. पण त्याच कोपऱ्यात दूध सोसायटी पाण्याची टाकी बसवणार होती. दुसऱ्या दिवशी भरलेला टँकर तिथं येणार आणि सगळं गाव घागरी घेऊन भोवती उभं राहणार.

साहेब गेल्यावर मी मुलांना विचारलं, "खाली काय आहे, हे कसं शोधायचं?"

"आधी दुसरीकडं आपटून बघू," रुखसाना म्हणाली. "मंग तिथं."

खिचडीच्या खोलीतलं मुसळ आणलं. मैदानभर आवाज एकच, धप्. कोपऱ्यात आपटलं. धप्. आणि जरा थांबून, खालून, हळू, पुन्हा धप्.

मी जमिनीला कान लावला. भेगेतून गार हवा कानावर आली. मुसळ आता कुणाच्या हातात नव्हतं. तरी खाली आणखी एकदा वाजलं.

सकाळी सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं. ते वैतागले. "लेकरायच्या नादी कुठं लागता मॅडम? माझा जन्म गेला इथं. तिथं काय बी न्हाई."

"मग टँकरआधी पहार मारून बघा."

मला खोटं पाडायला त्यांनी स्वतःच पहार घेतली. दोन घाव बसले. तिसऱ्याला पहार हातातून सुटली आणि जमिनीत नाहीशी झाली. ती तळाला आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

चेअरमन जागच्या जागी थिजले.

"आलात त्याच पावलांनी मागं या," मी म्हणाले. ते आले. टँकर रस्त्यावरूनच परत फिरवला.

तिथं जुना आड निघाला. तोंडावर फरश्या, फरश्यांवर माती. पाण्याचा थेंब नाही. आतले दगड सुटून तळाला पडत होते, ठोकण्याचा आवाज त्याचाच, असं ठरलं. गावातल्या एकाही म्हाताऱ्याला तिथं आड असल्याचं आठवेना. तोंडावर लोखंडी जाळी बसली, टाकी दुसरीकडे गेली.

"बाई, पर दगड नेमका आपण आपटल्यावर कावून पडला?" रुखसानानं विचारलं.

तेव्हापासून एक पाळते. मुलं वेगवेगळी चुकली तर समजावून सांगते. सगळी एकसारखी चुकली तर आधी स्वतः जाऊन बघते.